टोपी घातलेलं धड

मी धड बोलतोय. हसू नका! नीट बोलतोय असं नाही म्हणत. मानेखालचं, संगमरवरी, चिलखत घातलेलं धड आहे मी.

रोमच्या आफ्रिका प्रांतातल्या एका डोंगरी शहराने मला चौकात उभं केलं. सम्राट तिकडे रोममध्ये सारखे बदलणार. दरवेळी अख्खा पुतळा कोण घडवणार? म्हणून माझ्या मानेत खळगा ठेवला. नवा सम्राट आला की मुथुन पाथरवट शिडी लावायचा, जुनं डोकं पिळून काढायचा, नवं बसवायचा. पाचवं डोकं बसवून तो खाली उतरतोय तोच शिपाई धावत आला. "अरे, हाही मेला!"

"मेला तर मेला," मुथुन म्हणाला. "दुसरं येईपर्यंत राहू दे. इथं त्याला ओळखतंय कोण?"

दुसरं आलंच नाही. पुढे भूकंपात मी उताणा पडलो, डोकं घरंगळत विहिरीत गेलं. आमच्यावर माती चढली आणि मातीवर गाव वसलं. शेकडो वर्षांनी त्या गावातल्या दलंदा नावाच्या बाईच्या सासऱ्याने अंगण खणताना मला वर काढलं आणि ऑलिव्हच्या झाडाशी उभं केलं.

दलंदाचा नवरा वारला, तेव्हा तिने त्याची लाल शेशिया टोपी धुऊन माझ्या मानेवर वाळत घातली. ती काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी मिरच्या कुटता कुटता म्हणाली, "अहो, ऐकलंत का? शेजारणीच्या कोंबड्या पुन्हा आपल्या वाफ्यात!"

अहो! मला! आजवर नुसते जयजयकार ऐकले होते. मी पार विरघळलो.

वीस वर्षं ती मला सगळं सांगायची. संग्रहालयवाले मला न्यायला दोनदा आले, दोनदा तिने झाडूने हाकलले. मला एकच खंत होती, तिला नुसतं 'हं' म्हणायलाही मला तोंड नव्हतं. एक डोकं हवं होतं, बस्स.

मग उत्खनन करणारा नौफेल आला. "मावशी, विहिरीत याचं डोकं सापडलं!" त्याने टोपी काढून डोकं ठेवलं, पिळलं. खटकन बसलं! मला आकाश ठेंगणं झालं.

दलंदा भाकरी घेऊन बाहेर आली. मला पाहिलं आणि झटकन चादर डोक्यावरून ओढली.

"अगं बाई! परका पुरुष!"

"मावशी, तोच आहे हो."

"तो माझा माणूस होता. हा कोण मेला गालफुग्या? आणि मी याच्यासमोर रोज केस विंचरत होते? न्या याला. आत्ताच्या आत्ता न्या!"

'अगं, मीच आहे!' मला ओरडायचं होतं. ओठ आता होते, पण दगडाचे. ते हललेच नाहीत. गाडीत चढवलं तेव्हा तिने टोपी तेवढी परत घेतली.

आता मी संग्रहालयात आहे. खाली त्या गालफुग्याचं नाव लिहिलंय. दर महिन्याला दलंदा बसने येते, टोपी पिशवीत घेऊन. लांब उभी राहते आणि एक डोळा मिटून तळहात असा धरते, की माझं डोकं झाकलं जावं.

"अहो," ती हळूच म्हणते, "ऑलिव्ह उतरवले. यंदा बरे आहेत."

"मावशी, हात खाली करा," पहारेकरी म्हणतो. ती करत नाही.

चोर मंडळी, तुम्हाला हात जोडले असते, पण तेही तुटलेत. इथं आलात तर दुसऱ्या कशाला हात लावू नका. फक्त माझं डोकं न्या. डावीकडे पिळलं की निघतं.