चौथी हाक

पहिली हाक

आत कुणी येत नाही.

हाक मारणारी नर्स प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे रोग्याला तपासून औषधही लिहून देऊ शकणारी नर्स. वाट पाहून कंटाळलेले लोक उपचाराआधीच उठून जातात, म्हणून तातडीच्या विभागात तिला दारापाशीच खोली दिलीय. ती बसायला लागल्यापासून उठून जाणारे कमी झालेत. तिला याचं फार कौतुक आहे.

आत्ता ती एका शिंप्याला हाक मारतेय. मघाशी तो वाकून आला होता, कंबर धरून. मुतखडा असेल, असं तिला वाटलं. तिने हातात लघवीची डबी दिली.

"ही भरून आणा. मग बघू."

"कोट शिवून मागा, लगेच देतो," तो म्हणाला होता. "हे मात्र सांगून होत नाही."

दोघंही हसली होती.

दुसरी हाक

जरा मोठ्याने. एका बाळाचं रडणं, कुणाचा तरी खोकला, बस्स.

काउंटरवरचा कारकून मान वर न करता म्हणतो, "पळाले वाटतं. सुईला घाबरले."

"शिंपी आहेत ते."

"मग स्वतःला टोचून घ्यायची सवय नसेल."

तिसरी हाक

इथली रीत अशी: तीन हाका, मग माणूस निघून गेला असं धरायचं. पुढचा.

ती संगणकाच्या पडद्यावर 'निघून गेले' दाबते. पुढची बाई आत येते, भाजलेला हात पुढे करून.

मध्येच

दारात शिंप्याची बायको. गाडी लावायला जागा मिळत नव्हती म्हणून घामाघूम.

"आमचे हे कुठायत? कंबर धरून आलेले, शिंपी?"

"ते निघून गेले, मावशी."

"निघून? हे?" बायकोला हसूच येतं. "अहो, हे लग्नाच्या पंगतीतून उठायलाही माझ्या तोंडाकडे बघतात."

मग ती खुर्च्यांकडे बघते. हसू तिथेच थांबतं.

खुर्चीखाली बूट. पाय सुजतात म्हणून काढून ठेवलेले. मोजे बुटांत नीट खोचलेले.

"अनवाणी गेले?"

नर्सचा हात भाजलेल्या हातावर तसाच राहतो. डबी. डबी तिनेच दिली होती. संडास कोपऱ्याच्या पलीकडे, पंखा घरघरणारा. तिथे हाक पोचतच नाही. आणि आजवर तिथे जाऊन हाक मारावी असं कुणाच्या, तिच्याही, मनात आलेलं नाही.

ती धावते.

चौथी हाक

दार आतून बंद. ती नाव घेऊन ओरडते. काही नाही.

मागोमाग आलेली बायको तिला बाजूला सारते, दाराला तोंड लावते.

"अहो!"

आतून टक. प्लास्टिकचं, जमिनीवर. पुन्हा टक.

कारकून धावत येतो, नाण्याने बाहेरून कुलपाची खाच फिरवतो. दार अर्धंच उघडतं, कारण मागे तो पडलाय. चेहरा राखेसारखा, पोट फळीसारखं ताठ. हातात डबी. मुतखडा नव्हे. आत कुठेतरी मोठी रक्तवाहिनी फुटलीय.

स्ट्रेचर. सर्जन. सगळे एकदम बोलतात.

तो नर्सकडे बघतो. ओठ हलतात.

"मी इथेच होतो."

ती स्ट्रेचरचा दांडा धरून दारापर्यंत जाते. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद होतं. बायको बूट छातीशी धरून बाकावर बसते.

नर्स काउंटरशी येते.

"सकाळपासून निघून गेलेले जेवढे आहेत, सगळ्यांना फोन लाव."

"सगळ्यांना? काय विचारू?"

"घरी पोचलेत का."

कारकून फोन उचलतो. ती थांबत नाही. कोपऱ्याकडे वळून, एकेक दार वाजवत जाते.