चाळीस डाव्या बाह्या

शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई. ही बाई वीस वर्षं मास्तर होती आणि तिच्या कात्रीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. कंबरेचं दुखणं चौदा वर्षांचं. ते कंबरेतून निघायचं आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचं. त्यापाठोपाठ मनानेही अंथरूण धरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक कॅप्सूल दिली, दुखण्यावरही चालणारी आणि मनावरही. रोज सकाळी एक, अशी अकरा वर्षं. त्या औषधाने बाई उभी राहिली, हे खोटं नाही. पण हसू अर्ध्यावरच थांबायचं आणि रडू तर यायचंच नाही, हेही खोटं नाही.

आई गेली तेव्हा या न येणाऱ्या रडण्यानेच घात केला. मास्तरने गाडी बोलावली, कागदांवर सह्या केल्या, आल्यागेल्याला चहा दिला. डोळ्यांतून टिपूस नाही. धाकटी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तू दगड आहेस." त्यानंतर बोलणंच बंद. चार महिन्यांनी तिचा निरोप आला की आईची खोली रिकामी करायची आहे, महिनाअखेरच्या रविवारी ये.

आता आली का पंचाईत. बहीण एकच, ती तुटली की माहेरचं माणूसच उरणार नाही. काही झालं तरी त्या खोलीत रडायचंच, असं मास्तरने मनाशी पक्कं केलं. कॅप्सूल बंद. नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही आणि डॉक्टरीणबाईंना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. काय अक्कल पाजळली बघा, पण दोष तरी कसा द्यायचा?

पहिले तीन-चार दिवस डोक्यात मधूनच झटका बसल्यासारखं व्हायचं. मग झोप उडाली. मग कंबर अशी पेटली की कापायच्या टेबलावर वाकताना ती ओठ चावायची. डोळे मात्र कोरडे ते कोरडेच.

तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या कोटांचं काम आलं. बाह्यांसाठी थर लावताना कापड समोरासमोर घालायचं असतं, एक सुलटं, एक उलटं, म्हणजे दर दोन थरांत एक डावी आणि एक उजवी बाही निघते. हे तिला झोपेतही जमलं असतं. त्या दिवशी तिने चाळीसच्या चाळीस थर सुलटेच घातले आणि मशीन फिरवली. निघाल्या चाळीस डाव्या बाह्या.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी एकेक बाही उचलून पाहिली. आणि मास्तरला रडू फुटलं. त्या बाह्यांच्या ढिगाशेजारी ती जमिनीवर बसली आणि तासभर हमसून हमसून रडली. त्यात आई कुठेच नव्हती. रडून झाल्यावर उठायला गेली तर पाय उचलेना. नवऱ्याला बोलवावं लागलं.

"एकदम बंद करतं का कुणी?" डॉक्टरीणबाई रागावल्या. "कमी करायची तर माझ्या देखरेखीखाली, हळूहळू. आणि आत्ता तर नाहीच."

"गोळी घेतली की रडता येत नाही, सोडली की उठता येत नाही," मास्तर म्हणाली. "ही काय मेली निवड?"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर पुन्हा तीच कॅप्सूल लिहिली.

तो रविवार बिछान्यातच गेला, खोली रिकामी करायचं लांबलं. महिन्याभराने मास्तर आपल्या पायांनी आईच्या खोलीचे दोन जिने चढली. बहिणीने दार उघडलं आणि आधी तिचे डोळे पाहिले.

"आलीस. तशीच."

"हो, तशीच," मास्तर म्हणाली. "मध्ये औषध सोडलं होतं, इथे रडता यावं म्हणून. रडले, पण मग चालता येईना."

"कसलं औषध?"

अकरा वर्षांत हे बहिणीला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, सगळं. बहीण आईच्या पलंगावर बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मास्तर शेजारी बसली. आत काहीतरी फार लांब दुखलं, तिथवर तिला पोचता आलं नाही. ती बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रड," ती म्हणाली. "माझ्या वाटचंही तूच रड."