पूर्ण वाक्यात सांग

इंग्रजीच्या क्लासमध्ये राजशेखर सरांनी शुभदाचं सरावाचं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ताप कुणाला आला?"

"पेशंटला, सर."

"तसं इथं लिहिलेलं नाही. ‘फीवर सिन्स मॉर्निंग’, एवढंच. ‘गिव्हन इंजेक्शन’. कुणी दिलं? ‘बिकॉज ऑफ वीकनेस’, आणि लगेच पूर्णविराम. वीकनेसमुळं पुढं काय झालं?"

शुभदा सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. वॉर्डात सगळ्या जणी असंच लिहितात. केसपेपरवर पेशंटचं नाव वर एकदा असतं, खाली सिस्टरची सही असते, मधे कुणी काय केलं ते पुन्हा लिहायला सवड नसते. पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट समोरच दिसत असतो. पण ब्रिटनमधल्या नोकरीसाठी इंग्रजीची जी परीक्षा होती, तिच्यात पेशंटविषयी पत्र लिहायचं होतं, आणि तेही पेशंटला कधीच न पाहिलेल्या माणसाला. शुभदा त्या पेपरात एकदा नापास झाली होती. यंदा जमलं नाही तर ब्रिटनचा विषय सोडायचा, असं तिने ठरवलं होतं.

"नियम सगळे पाठ आहेत सर. पण हात तसाच चालतो. काय करू?"

"मराठीत तरी पूर्ण बोलता का? कालची ड्यूटी कशी झाली?"

"गर्दी. तीन अ‍ॅडमिशन. जेवण नाही."

बाकावरच्या इतर सिस्टर हसल्या. सरांनाही हसू आलं. "घरी रोज एका पेशंटची हकिगत सांगा. नाव सांगू नका. ऐकणाऱ्याला पुरती कळेपर्यंत सांगा, आणि मग तीच इंग्रजीत लिहा."

घरी ऐकायला आई होती. बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत मुक्ताबाई कडक भाकरी करायच्या. आसपासच्या दुकानांत आणि एका खानावळीत त्या भाकरी विकल्या जात. शुभदा परातीजवळ बसली.

"बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला."

"कोन पडली?"

"एक आजी."

"मग आजी म्हन की. मला काय हितनं तुजा वॉर्ड दिसतुय व्हय?"

मुक्ताबाई काही सोडत नसत. कुणी उचललं, डॉक्टर कधी आले, रडत होती का, लेक आली का. शुभदा वैतागायची, पण सांगायची. मग जेवून तेच इंग्रजीत उतरवायची. हळूहळू सरांच्या लाल खुणा कमी झाल्या. मुक्ताबाईंना आता त्या आजीचा लळाच लागला होता. शुभदा दारात चप्पल काढते न काढते तोच त्या विचारायच्या, "चालली का आज?"

एका संध्याकाळी शुभदाने सांगितलं, "आजींना परवा सोडणार आहेत. घरी त्यांच्याकडं बघायला कुणी नाही, म्हणून मुलगा त्यांना पुण्याला नेणार आहे."

"आजी काय म्हनली?"

"विचारलं नाही."

"कुनी?"

"मुलानं विचारलं नाही. आम्हीपण नाही."

मुक्ताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "आन तू पास झालीस तर?"

"पास झाले तर... बघू."

"हे तर अर्धंच झालं. पास झालीस तर काय?"

शुभदाने पीठ लागलेली बोटं चोळली. "पास झाले तर मी जाईन. आणि तू कुंभारीला दादाकडं राहायला जाशील, असं मी आणि दादानं ठरवलंय."

"कवा ठरवलं?"

"दिवाळीत."

"तवा मी कुटं हुते?"

"इथंच. भाकरी करत होतीस."

"मग हाक मारायची की."

मुक्ताबाईंनी पुढची भाकरी थापून तव्यावर टाकली. मग त्या म्हणाल्या, "दिपकचं घर चांगलं हाय. सून बी चांगली हाय. पर तितं माजी भाकरी कोन घेनार? मी हितंच राहनार. तू जा. मी तुला न्हाय म्हनत न्हाय."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर शेजारची श्रीदेवी हाय. लईच झालं तर जाईन दिपककडं. पर मी म्हनीन तवा."

शुभदाने तिथूनच दिपकला फोन लावला. "दादा, आई कुंभारीला येणार नाही म्हणते."

"का? कोण काय बोललं का तिला?"

शुभदाने फोन आईच्या कानाशी धरला. आईचे हात पिठाचे होते. "हं, दिपक," मुक्ताबाई म्हणाल्या, "मदे बोलू नगंस. आदी ऐक."

त्या रात्रीच्या पत्रात शुभदाने शेवटी लिहिलं की, पेशंटला कुठं राहायचं आहे हे अद्याप कुणीही तिला विचारलेलं नाही. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"वाक्य बरोबर आहे. मग विचारलंत का?"

"आज सकाळी विचारलं. पुण्यालाच जायचंय म्हणाल्या. नातवाजवळ."

"मग तसं लिहा," सर म्हणाले.

उन्हाळ्यात निकाल लागला. शुभदा पास झाली होती. तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा मुक्ताबाईंनी गॅस बंद केला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

"कवा जायाचं, कुटं ऱ्हायाचं, संगं कोन हाय," त्या म्हणाल्या, "सगळं सांग."

शुभदा समोर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.