चिमणीला आखूड झालेले पाय

मिशनच्या दवाखान्यामागे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपलीकडे, पायांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, भिंतीवर उलटे टांगलेले लाकडी पाय आणि त्यांच्याखाली रंधा मारत बसलेले पायवाले मामा. मामा मूळचे सुतार. चर्चची बाकं दुरुस्त करायला आले आणि तिथेच रमले. दवाखाना चालवणाऱ्या मदरने एकदा त्यांना एका म्हाताऱ्याची मोडकी कुबडी दाखवली. कुबडीवरून गोष्ट पायावर गेली. लोक दुसऱ्यांचे पाय धरायला जातात, माझ्याकडे मात्र पाय न्यायला येतात, असं मामा सांगायचे. आता वय झालं, हात थरथरतात. पण त्या दिवसांचा विषय निघाला की मामा आधी चिमणीबद्दल बोलतात.

चिमणी आजीच्या कडेवर बसून आली तेव्हा शाळेतही जात नव्हती. ट्रकखाली गुडघ्याखालचा पाय गेलेला. नवा पाय चढवल्यावर तिने अशी बसकण मारली की काही केल्या उठेना. मामांनी समजूत घातली नाही. ते स्वतःच लंगडी घालत शेडभर फिरले आणि धपकन भुशात पडले. पोरगी हसत हसत उठली, चार पावलं चालली, आणि मग तिला थांबवता थांबवता आजीच्या नाकी नऊ आले.

लाकडी पाय काही वाढत नाही, पोर वाढते. त्यामुळे दर वर्षी सुट्टी लागली की चिमणी नव्या मापासाठी हजर. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. लोकांच्या भाच्या सुट्टीत घरी येतात, आपली कारखान्यात येते, असं मामी म्हणायच्या आणि तिच्या वाटणीचं दूध बाजूला काढून ठेवायच्या.

अशात परदेशाहून बोलावणं आलं. तिकडे लढाई संपली होती, पण शेतांत पुरलेले सुरुंग तसेच होते. मदरच्याच संघाच्या सिस्टर तिथे दवाखाना चालवत. पाय करणारं कुणी नव्हतं. मदर म्हणाली, मी प्रार्थना करीन, आग्रह करणार नाही. मामांना जाणंही जिवावर आलं आणि नाही म्हणणंही. शेवटी कारखाना जोडीदार लोहाराच्या हवाली केला, चिमणीबद्दल त्याला चारचारदा बजावलं. जगाला पाय देणाऱ्या माणसाचा त्या दिवशी स्वतःचा पाय निघत नव्हता.

तिकडची भाषा म्हणजे सगळा अंधार. ‘दुखतं का’ आणि ‘ऊठ बाळा’ एवढंच मामा शिकले आणि त्यावर गाडा हाकला. तिथली माणसं कामात तयार केली आणि दोनेक वर्षांनी परतले.

शेडच्या ओट्यावर चिमणी वाट बघत होती. त्यांना पाहून उठली ती एका अंगाला कलत, कंबर मोडल्यासारखी. पायात तोच जुना, आखूड झालेला पाय. लोहार खाली मान घालून म्हणाला, माप घ्यायला बसवली की पळून जायची.

मामांचा पारा चढला. पोराबाळांवर कधी आवाज न चढवणारा माणूस तिला वाट्टेल ते बोलला. पाठीचं धनुष्य झालं असतं म्हणजे? मी तिकडेच मेलो असतो म्हणजे? चिमणी रडली नाही.

“दुसऱ्याकडून पाय घेतला असता, तर तुम्ही परत कशाला आला असता?”

मामा तिच्या पायाशी बसले. फीत काढून माप घेऊ लागले, पण आकडे दिसेनात.

“मी पायासाठी येत नाही गं,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी येतो. पाय काय, कुणीही करील.”

हे शेवटचं वाक्य त्यांना किती जड गेलं, ते शेजारी उभ्या लोहारालाच कळलं.

दुसऱ्या दिवशी चिमणी एक पोतं ओढत आली. आजीने खाटेखाली जपलेले तिचे सगळे जुने पाय त्यात होते. तिकडच्या पोरांना द्या म्हणाली, मला लहान झाले, त्यांना बसतील. एकाच्या मापाने कोरलेला पाय दुसऱ्याला बसत नाही, हे मामांच्या ओठांवर आलं होतं. दारात उभ्या मदरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग मामांनी तिला खरं तेच सांगितलं, पण पोत्यातून एकेक पाय काढत: हा पट्टा चालेल, हे बक्कल चालेल, हे पाऊल तर अगदी चालेल. दोघांनी मिळून सगळं सुटं केलं आणि ते औषधांच्या पुढच्या खोक्यातून तिकडे गेलं.

पुढचे पाय तिला लोहाराने केले. मामा शेजारी बसून इतके सल्ले द्यायचे की लोहार त्यांना चहाला पिटाळायचा.

चिमणी आता कपड्यांचं दुकान चालवते. पायही शहरातल्या मोठ्या इस्पितळातला, हलका. परवा लेकीला घेऊन मामांकडे आली होती. शेडमध्ये दवाखान्याच्या गाद्या रचल्या आहेत, त्यांवरच तिघं बसली. मदर गेल्याला बरीच वर्षं झाली. चिमणी लेकीला सांगत होती, मदर दुपारी इथे येऊन बूट काढून बसायची आणि कुणी नाही असं पाहून शिट्टीवर प्रार्थनेची चाल वाजवायची. कुणी डोकावलं की एकदम गंभीर.

लेकीने विचारलं, कुठली चाल? मामांनी ओठांचा चंबू केला आणि वाजवून पाहिली. पुढचे दात पडलेले. नुसतीच हवा गेली. चिमणीने सूर उचलून दिला, मामांनी पुन्हा सुरुवात केली, आणि दारातून मामी म्हणाल्या, दोघंही चुकताय, वरची ओळ आधी.