साध्या पाण्याची तपासणी

काडीच्या आईने लेकीच्या नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच धरला आणि उचलला. खड्डा पडला होता. मग तिने दुसरी नडगी दाबली. तिथेही पडला.

"आई, दुखतंय."

"सुजेवर दाबलं की दुखत नाही," आई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे डोक्यात शिरायच्या आत तिने तिसऱ्यांदा दाबलं.

पोर जन्मापासून किडकिडीत, म्हणून तिचं नाव काडी पडलं होतं. आता गोळ्यांनी तिचे गाल असे गरगरीत झाले होते, की नव्याने ओळख झालेली माणसं हे नाव ऐकून आईबापांकडे जरा संशयाने बघत. दुखणं मूत्रपिंडाचं होतं. गाळणीची भोकं मोठी व्हावीत तसं काहीतरी आत झालं होतं. रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जायची आणि अंगात पाणी साठायचं. पहिल्यांदा सकाळी डोळे सुजले, तेव्हा विज्ञानाची पदवी असलेल्या तिच्या आईने हा उशांतल्या धुळीचा प्रताप असल्याचं ठामपणे सांगून घरातल्या सगळ्या उशा उन्हात टाकल्या होत्या. उशा निर्दोष निघाल्या.

स्टेरॉइडचं नाव निघालं तेव्हा तिने मिळेल ते वाचून काढलं आणि मुलांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंपुढे प्रश्नांचा पाऊस पाडला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी डेअरीत दूध तपासते."

"बरं झालं. मग दूध मी तुमच्यावर सोडते."

औषध लागू पडलं, यात शंका नव्हती. सूज उतरली, प्रथिनं थांबली. पण त्याच गोळ्यांनी पोरीला वखवख लागली. जेवून उठली की ती पुढच्या जेवणाची चौकशी करायची. पेन्सिल सापडली नाही एवढ्यावरून ती घर डोक्यावर घ्यायची आणि मग आपणच घाबरून रडायची. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीची रेघ होती; ती रेघ बऱ्याच महिन्यांत तसूभर वर सरकली नव्हती. आता मात्र गोळी कमी होत होत एक दिवसाआड अर्ध्यावर आली होती. याच आठवड्यात ती सुटणार होती.

आणि नेमकी याच आठवड्यात पट्टी हिरवी झाली.

ही पट्टी म्हणजे कागदाचा चिमुकला तुकडा लावलेली प्लास्टिकची चपटी फीत. रोज सकाळी काडीने छोट्या कपात लघवी करायची, आईने त्यात पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर प्रथिनं जाताहेत. सलग तीन सकाळी गडद हिरवी आली, तर दुखणं उलटलं असं समजायचं आणि पूर्ण डोस रोज, पुन्हा पहिल्यापासून. दोन सकाळी झाल्या होत्या.

तिने फोन लावला.

"सूज आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नडगीवर दाबलं की खड्डा पडतोय."

"किती जोरात दाबता?"

आकडा तिच्याकडे नव्हता, म्हणून ती "पुरेसं जोरात," एवढंच म्हणाली.

"वजन वाढलंय? डोळे सुजलेत?"

"नाही. पण सुजतील."

"उद्याची सकाळ बघू. उद्याही तीच आली तर घेऊन या. तोवर तुम्ही मनाने डोस वाढवायचा नाही. आणि अंगठ्याला जरा विश्रांती द्या."

पण गुन्हा घडला म्हटल्यावर गुन्हेगार हवाच. सर्दीखोकल्याने हे दुखणं उलटू शकतं, हे तिने वाचलेलं होतं, आणि घरात शिंकत होत्या त्या एकट्या सासूबाई. त्यामुळे दोन दिवसांपासून सासूबाई आपल्या खोलीत बंद होत्या. ताट दाराशी ठेवलं जायचं.

"अगं, मला दोन शिंका आल्या," त्या दाराआडून म्हणायच्या. "तेवढ्यासाठी कोंडतेस होय?"

"आई, तुमच्यासाठी साधी सर्दी असेल. काडीसाठी नाही."

"मग नातीला निदान दारातून तोंड तरी दाखव."

"मास्क लावा, मग दाखवते."

दुसरा संशयित नवरा. तो लेकीच्या रडण्यापुढे विरघळून खारी बिस्किटं देत असावा, असा तिला वहीम होता. मिठाने अंगात पाणी धरतं, पण पट्टी हिरवी होत नाही, हे तिला नवऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तिने त्याची उलटतपासणी घेतली.

"एक दिलं," तो म्हणाला. "अर्धं मी खाल्लं."

"कुठलं अर्धं?"

"म्हणजे?"

"मोठं की लहान?"

नवरा भांडी घासायला निघून गेला.

तिसरी संशयित, म्हणजे ती स्वतः, तिच्या यादीतच नव्हती. तिने तर सगळा बंदोबस्त केला होता. सासूबाईंची पहिली शिंक ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने डेअरीतून दुधाचे कॅन धुवायचं निळं जंतुनाशक बाटलीभर आणलं आणि दारांच्या कड्या, नळ, टीव्हीचा रिमोट, काडीच्या चपला असं सगळं पुसून काढलं. लघवीचा कप तर ती रोज त्यातच बुडवून खिडकीत पालथा घालायची. नंतर पाण्याने विसळायची नाही. नळाच्या पाण्यातून जंतू परत यायला नकोत म्हणून.

त्या दिवशी ती कामावर गेली ती उद्याच्या सकाळची भीती घेऊनच. डेअरीत तिला मागून साधंपाणीबाई म्हणत. कारण कुणीही काही वावगं सापडल्याचं सांगत आलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: त्याच भांड्यात आधी साधं पाणी घालून तपासलंत का? पाण्यातही तेच सापडलं तर दोष दुधाचा नाही, भांड्याचा. या प्रश्नाने तिने भल्याभल्यांचा उत्साह मावळवला होता.

दुपारी नवी लागलेली मुलगी धावत आली. "मॅडम, सकाळच्या दुधात काहीतरी मिसळलंय. टँकर परत पाठवायचा का?"

"त्याच बाटलीत साधं पाणी तपासलंस?"

"नाही, पण बाटली एकदम स्वच्छ होती, मॅडम. निळ्या द्रावणाने धुतली होती."

"आणि मग पाण्याने?"

मुलगी टाइल्सकडे बघू लागली.

"अगं, जंतुनाशक भांड्यात राहिलं तर ते तपासणीत उतरणारच ना," साधंपाणीबाई म्हणाल्या. "विसळायला नको? एवढी साधी गोष्ट एखाद्या शिकल्यासवरल्या बाईला..."

वाक्य तिथेच थांबलं.

"मॅडम?"

"तू विसळून परत तपास," ती म्हणाली आणि पर्स उचलून घरी निघाली.

घरी आल्यावर चपला न काढताच ती न्हाणीघरात शिरली. खिडकीतल्या कपात तिने साधं पाणी घेतलं आणि पट्टी बुडवली. पाणी, ज्याला मूत्रपिंड नाही, ज्याने बिस्किट खाल्लं नाही, ज्याच्यावर कुणी शिंकलं नाही, त्याची पट्टी हिरवीगार झाली. मग त्याच नळाचं पाणी तिने स्वयंपाकघरातल्या वाटीत घेतलं. पट्टी पिवळी.

ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. सलवार वर करून तिने स्वतःची नडगी, लेकीची दाबली होती तेवढ्याच जोरात, दाबली. चांगली दुखली. खड्डाही पडला. म्हणजे इथेही तुलनेला काही घ्यायचं सुचलं नव्हतं. आता हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

पण कप खोटा ठरला म्हणून पोर बरी ठरत नव्हती, एवढं विज्ञान तिच्यात अजून शिल्लक होतं. डॉक्टरीणबाईंना तिने फोनवर सगळं सांगितलं, कॅनच्या द्रावणासकट. पलीकडे बाईंनी हसू दाबायला फोन तोंडापासून लांब धरल्यासारखं वाटलं.

"उद्या सकाळी नुसत्या पाण्याने धुतलेल्या भांड्यात बघा," बाई शेवटी म्हणाल्या. "उद्याचीच पट्टी खरी."

मग तिने सासूबाईंच्या दारावर टकटक केलं.

"आई, बाहेर या."

"का? सुटका की सुनावणी?"

तिने सांगितलं. सासूबाईंनी मास्क काढून नीट घडी घातली. "म्हणजे मी दोन दिवस आत होते ते तुझ्या कपामुळे?"

"सर्दी खरी होती, आई."

"सर्दी कालच गेली गं. सांगणार कुणाला? तू दाराशी ताट ठेवून पळत होतीस."

सकाळी न्हाणीघराच्या दारात सगळं घर जमलं. आईने आधी वाटीतलं साधं पाणी तपासलं. पिवळी. मग त्याच वाटीत काडीची लघवी घेऊन तिने पट्टी बुडवली आणि घड्याळाकडे बघत राहिली, कारण पट्टीकडे बघायची तिची हिंमत नव्हती. नवरा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"पिवळी," काडी म्हणाली.

आईने पट्टी खिडकीच्या उजेडात नेली, डबीवरच्या रंगांशी ताडून बघितली. मग सासूबाईंपुढे धरली.

"मला काय विचारतेस? पिवळीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "ही माझी खिरीची वाटी होती, त्याचं काय ते बघ."

पुढच्या दोन सकाळीही पट्टी पिवळीच आली, नव्या कपात. त्या आठवड्यातली शेवटची अर्धी गोळी काडीने तोंड वेडंवाकडं करत गिळली, वर पाणी प्यायली आणि जाऊन चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"मोज."

"अगं, आत्ताच तर गोळी संपली. उंची वाढायला वेळ लागतो."

"मोज ना."

आईने तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिल टेकवली. खूण जुन्या रेघेवरच आली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती खाली वाकून लेकीच्या अनवाणी पायांकडे बघू लागली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी हिच्या पायात चपला होत्या का, ते आठवतेय."