डॉक्टर येईपर्यंत

नाडी लागेना. चिमणीने मनगट सोडून मानेला बोटं लावली, मग वाकून कानच छातीवर टेकवला. ऑक्सिजनचा मास्क तेवढा सूं सूं करत होता. शिंपीकाका गेले होते.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या या मुलीचं नाव चिमणी ठेवलं होतं वॉर्डातल्या मावशींनी, तिचा एवढासा घास बघून. या महिन्यात तिच्या ड्यूटीत इतके पेशंट गेले, की मैत्रिणी म्हणत, "बाई, तू असलीस की यमाला खाट शोधावी लागत नाही." ती हसायची. खोलीवर गेली की कोपरापर्यंत हात धुवायची, आणि पुन्हा धुवायची.

ती सिस्टरांकडे धावली. छाती दाबायची नाही, नळ्या घालायच्या नाहीत, हे घरच्यांशी आधीच ठरलं होतं. तरी सिस्टर स्वतः येऊन बघून गेल्या.

"डॉक्टर ऑपरेशनला आत आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते येऊन सांगेपर्यंत आपलं तोंड बंद."

"पण काकू पाणी घेऊन येतीलच आता."

"म्हणून तर तू इथेच थांब. अंग पुसत राहा. आणि चेहरा सांभाळ. मागच्या वेळी एकाच्या मुलाला आधीच सांगून बसलीस, केवढा गोंधळ झाला. परत तसं झालं तर हे वर्ष गेलंच समज."

चिमणी कोमट पाणी घेऊन खाटेच्या पलीकडच्या अंगाला शिरली. पाठीशी भिंत, समोर खाट, भोवती पडदा. काकांची मान तिने पंजात धरली, तान्ह्याची धरतात तशी, आणि गळ्याच्या वळ्या पुसायला घेतल्या.

काकू आल्या. तांब्या खाली ठेवून त्यांनी स्टूल ओढलं ते नेमकं बाहेर पडायच्या वाटेत. सवयीने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"अगं, गार लागतंय. ताप उतरला वाटतं."

चिमणीने फडका पिळला. "हं," एवढंच निघालं तिच्या तोंडून, आणि तेही गिळता आलं असतं तर बरं, असं तिला झालं.

"मी म्हणतच होते. चिवट माणूस आहे हा. जन्मभर गावाची मापं घेतली, पण स्वतःची विजार काही घोट्यापर्यंत पोचली नाही. शुद्धीवर आले की सांगते, पोरीने मान धरून न्हाऊ घातलं म्हणून. तोंड लपवतील बघ." काकू इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग पिशवीतून फोन काढला. "लेकीला सांगते, येऊ नकोस. तान्हं पोर घेऊन बसस्टँडवर उभी असेल, कशाला तिला हेलपाटा."

पडद्याखाली सिस्टरांचे पांढरे बूट येऊन थांबले होते. चिमणीला ते दिसत होते.

"येऊ द्या त्यांना, काकू."

"आता ताप उतरलाय ना पण?"

"येऊ द्या."

"अगं, एवढंसं पोर घेऊन..."

"त्यालाही येऊ द्या."

काकूंचा अंगठा फोनवर थांबला. त्यांनी चिमणीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. काकांचा एकच तळवा ती मघापासून पुसत होती, बोट न् बोट. काकूंची नजर मास्कवर गेली. प्लास्टिक स्वच्छ होतं, त्यावर वाफ धरत नव्हती. मग त्यांनाही पडद्याखालचे बूट दिसले.

त्यांनी फोन लावला.

"निघालीस? ये. नाही गं, काही नाही. अंग पुसतायत त्यांचं. तू ये. बसमध्ये खिडकीशी बस, पण पोराला ऊन लागू देऊ नकोस."

फोन पिशवीत ठेवताना त्यांना पिशवीचं तोंडच सापडेना. मग पुढे झुकून, ओठांतल्या ओठांत त्या म्हणाल्या, "तुला सांगायची बंदी आहे होय गं?"

चिमणीच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावर आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"नको बोलूस. आण तो फडका. कानामागचं राहिलंय. तिथे त्यांना नेहमी खाज सुटते."

दोघी पुसत राहिल्या.

डॉक्टर आले. डोळ्यांत टॉर्च मारला, ईसीजीची पट्टी काढली, ती सरळच आली, आणि जे सांगायचं ते सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या.

त्यांचं ते शांत राहणं सिस्टरांना खटकलं असावं. "तुम्हाला आधी कोणी काही म्हणालं होतं का?"

"कोण म्हणणार? ही? तोंडातून अक्षर फुटेल तर शपथ. मुकी पोरगी ठेवलीत माझ्याजवळ."

एवढं बोलून काकूंनी खाटेवरून हात लांब केला आणि चिमणीचं मनगट धरलं. आता कुठे त्यांना रडू फुटलं.

"चिमणे, ये बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "तिकडे कोपऱ्यातल्या खाटेवर बोलावतायत."

मनगटावरची पकड घट्ट होत गेली. चिमणीने हात ओढून पाहिला नाही. ती भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.