पहिल्या रांगेतली खुर्ची

व्हर्जिल हॅस्केट बेसबॉलच्या सामन्यात शेवटच्या डावात चेंडू टाकायला मैदानात उतरला, की त्याची बायको अर्लीन उठून बाहेर चालू लागायची. गाड्या लावायच्या जागेत येरझाऱ्या घालायची आणि आतल्या आरडाओरड्यावरून निकाल ओळखायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती दोनदा बसून राहिली आणि दोन्ही वेळा तो हरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला हे पटवणार कोण? नवऱ्याची सगळी कारकीर्द या बाईने अशी बाहेर उभी राहून काढली.

व्हर्जिलच्या कामालाही कधी श्रेय नव्हतं. दुसऱ्याने घाम गाळून उभा केलेला सामना शेवटी येऊन वाचवायचा. वाचला तर त्यात काय विशेष, आणि बुडाला तर अख्ख्या गावाच्या शिव्या याच्या एकट्याच्या वाट्याला.

तोच व्हर्जिल आज कूपर्सटाउनच्या हिरवळीवर, जुलैच्या रणरणत्या उन्हात, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जाणार होता. बेसबॉलवाल्यांना याच्यापुढचा स्वर्ग ठाऊक नाही. सकाळी टाय बांधून घेताना त्याने बायकोकडे एकच गोष्ट मागितली होती, "आज उठू नकोस." ती हो म्हणून बसली होती आणि आता पस्तावत होती.

"हात किती गार पडलेत गं तुझे," शेजारी बसलेली नणंद मर्ना म्हणाली. "पळायचा बेत दिसतोय."

"काहीतरीच काय! आज कुठे सामना आहे?"

"मी तरी तेच म्हणतेय. समोर कोणी बॅट घेऊन उभं नाही. लिंबूसरबत पी आणि बूड टेकवून बस."

व्हर्जिलचं नाव पुकारलं गेलं. तो व्यासपीठावर चढला, चष्मा लावला, कागद काढले. सुरुवात झकास झाली. "चेंडू टाकणाऱ्या ज्या ज्या पिचरांना आपला सामना स्वतः संपवता आला नाही, त्यांच्यामुळे माझी चूल पेटली," असं तो म्हणाला, तेव्हा मागे बसलेले जुने खेळाडू खो खो हसले. मग वडिलांचा विषय निघाला आणि तो अडखळला. त्याने कागद पुढेमागे केले. पाणी प्यायला. तरी शब्द फुटेना.

अर्लीन ताडकन उठली. मी बसलेय म्हणून हे होतंय! मर्नाने झगा ओढून धरला, तो सोडवून ती वाकून रांगेतून निघालीसुद्धा.

"अर्लीन," ध्वनिक्षेपकातून आवाज आला. हजारो माना वळल्या. "खाली बस ना गं."

ती होती तिथेच थिजली.

"मला जमत नाहीये, ते सगळ्यांना दिसतंय. तूही बघ." त्याने कागद बाजूला सारले. "सामना घालवला, की मी पहिल्यांदा तुझ्या खुर्चीकडे बघायचो. ती रिकामी असायची. जिंकल्यावर काय, अख्खं स्टेडियम माझं असायचं. हरल्यावर मला तू हवी होतीस."

आपण त्याच्यासाठी बाहेर जातो, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्याचा पडलेला चेहरा आपल्यालाच बघवत नव्हता, हे तिला आता उमगलं, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली. ती परत येऊन खुर्चीत बसली.

पुढचं भाषण साफ कोसळलं. वडिलांबद्दल बोलताना तो ढसाढसा रडला, पुन्हा कागद उचलले तेव्हा दोन पानं गाळली, आणि ज्या प्रशिक्षकाने त्याला घडवलं त्याचंच नाव विसरला.

"अगदीच विचका केला गं याने," मर्ना कुजबुजली.

"हो," अर्लीन म्हणाली. तिने नजर हलवली नाही. "बघतेय मी."